शिक्षा झाली, पुढे काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी माझे काम मांडवाच्या मागे, चुलीपाशी असते. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, तुम्ही बोला. मी म्हटले, अहो, सातवी शिकलेल्या बाईने काय बोलायचे? तर त्या म्हणाल्या, ‘दोन वर्षे कोर्टाचे हेलपाटे घालता आहात, तेच सांगा की.’ म्हणून आज पुढे आले आहे. चुकले-माकले तर सांभाळून घ्या.

विषय कळल्यावर काहींच्या कपाळाला आठी पडली, ती मी येथून पाहिली. समोर लेकीबाळी बसल्या आहेत, आज आपला आनंदाचा दिवस, आणि ही बाई बलात्काराच्या खटल्याची गोष्ट काढते! पण बायांनो, आपल्या या वसाहतीत पहिल्या पाळीला पहाटे आणि दुसऱ्या पाळीहून रात्री अकरा-साडेअकराला बायका-मुली रस्त्याने येतात-जातात. ज्या विषयाची भीती रोज मनात बाळगायची, तो वर्षातून एक दिवस तोंडाने बोलायला काय हरकत आहे? शिवाय मी आज त्या प्रकाराविषयी बोलणार नाही. शिक्षा झाल्यानंतर काय होते, तेवढेच सांगणार आहे. कारण तेथेच आपण सगळ्या चुकलो होतो.

ज्या मुलीची हकीकत आहे तिच्या आईला विचारून बोलते आहे. गाव, खोली, नाव काही सांगणार नाही. ती माउली आज या मांडवात आहे की नाही, तेही कोणी शोधू नये.

आपल्याकडे खोल्या भाड्याने घेऊन राहणारी कितीतरी कुटुंबे आहेत, त्यांतलेच हे एक. बाप फाउंड्रीत, आई चार घरची धुणीभांडी करणारी, मुलगी सोळा वर्षांची. ठेकेदाराकडच्या एका मुकादमाने तिचा घात केला. आई धीराची. त्याच रात्री पोरीला घेऊन पोलिसांत गेली, दवाखान्यात गेली. पुढे खटला चालला. पोरीने कोर्टात न डगमगता साक्ष दिली. २०२३ साली निकाल लागला, दहा वर्षे सक्तमजुरी आणि दंड.

त्या दिवशी मी स्वतः पेढे आणले. आंबाबाईला ओटी भरली. मी त्या आईला मिठी मारून म्हटले, ‘सुटलीस गं बाई! आता मागचे सगळे विसरून जा.’ आणि आणखी एक बोलले, ते आजही मला खाते. मी म्हटले, ‘पोरीच्या लग्नाचे बघायचे असेल तर ही खोली सोड, दुसरीकडे जा. येथे सगळ्यांना ठाऊक झाले आहे.’ तसे म्हणणारी मी एकटी नव्हते. नळावर, दळणाच्या गिरणीत कुजबूज चालूच होती. महिन्याभरात त्यांनी खोली सोडली.

एक वर्षाहून थोडे अधिक गेले असेल. एके संध्याकाळी ती आई धापा टाकत माझ्या दारात आली. ‘वैनी, त्यो आलाय. नाक्यावर च्या पीत हुबा हाय. पोरीनं बघितलंया. जेल फोडून आलाय जणू!’

मलाही तसेच वाटले. दहा वर्षांची शिक्षा झालेला माणूस चौदा-पंधरा महिन्यांत नाक्यावर कसा? मुलगी घरात कडी लावून बसली होती, शिवणाच्या वर्गाला जायला तयार नव्हती. शेवटी एका वकीलबाईंकडे गेलो, तेव्हा उलगडा झाला. त्याने जेल फोडले नव्हते. त्याने मुंबईला हायकोर्टात अपील केले होते. अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षेला स्थगिती मिळवून तो जामिनावर बाहेर आला होता. सारे कायद्याने झाले होते. मग आम्हाला कोणी सांगितले का नाही? कागद निघाला होता, बायांनो. तो जुन्या खोलीच्या पत्त्यावर आला आणि घेणारे कोणी नाही म्हणून परत गेला. खोली कोणी सोडायला लावली होती, ते मघाशी सांगितलेच आहे.

त्या दिवसापासून मी एक वही केली. वकीलबाई सांगत आणि मी लिहून घेई. त्या वहीतले थोडे तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट वकीलबाईंनी सांगितली ती अशी, की फिर्याद आपली असली तरी खटला सरकारचा असतो. कागदावर लिहितात ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुक’. आपली मुलगी त्यात साक्षीदार. साक्ष झाली की तिचे काम संपले, असेच इतकी वर्षे सर्वांनी धरले. ज्याला शिक्षा झाली, त्याला मात्र वर जाण्याचा हक्क आहे. सेशन कोर्टाने शिक्षा दिली तर हायकोर्टात जायला त्याला साठ दिवसांची मुदत असते. फाशी झाली असेल तर तीस दिवस, आणि फाशीला हायकोर्टाने मान्यता दिल्याशिवाय ती अमलात येतच नाही. हायकोर्टापुढे बहुधा मुलीला पुन्हा उभे करत नाहीत. खाली जे लिहून झाले, म्हणजे तिची साक्ष, डॉक्टरांचा कागद, शाळेचा दाखला, तेच सगळे तेथे नव्याने वाचले जाते. म्हणून लवकर दवाखान्यात जाणे आणि वयाचा दाखला नीट जपून ठेवणे याला फार महत्त्व आहे. अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात वरच्या कोर्टात वयावरूनच मोठा वाद घालतात.

हे ऐकून मी घरी रागाने म्हटले, की अपील ही पळवाट आहे, ती बंदच करायला हवी. आमचे मालक सहसा माझ्या बोलण्यात पडत नाहीत. त्या दिवशी मात्र जेवता जेवता म्हणाले, ‘उद्या आपल्या पोरावर खोटा आळ आला आणि खालच्या कोर्टाला चुकून तो खरा वाटला, तर तू कुठं जाशील?’ मी दोन दिवस गप्प होते. मग वकीलबाईंना विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही, एक जुना खटला सांगितला.

तो खटला आपल्याच महाराष्ट्रातला. तेव्हाच्या चांदा, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंज म्हणून गाव आहे. आज ते गडचिरोली जिल्ह्यात येते. तेथे २६ मार्च १९७२ च्या रात्री एका आदिवासी मुलीला पोलीस ठाण्यात आणले होते. आईबाप नाहीत, मोलमजुरी करून भावापाशी राहणारी पोर. भावानेच काही तक्रार दिली होती, तिची जबानी घ्यायला. जबानी झाल्यावर बाकीच्यांना बाहेर घालवले, तिला मागे ठेवून घेतले आणि दार लावले. बाहेर नातेवाईक उभे, आत ठाण्यातले दोन शिपाई. लोक त्या खटल्याला त्या मुलीच्याच नावाने ओळखतात. पण मी तिचे नाव घेणार नाही. पुढे १९८३ साली कायद्यानेच अशा बाईचे नाव छापायला बंदी केली, आणि ती बंदी आजही आहे. कागदोपत्री त्या खटल्याचे नाव ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असे आहे.

आता पाहा काय झाले. १९७४ साली सेशन कोर्टाने दोघांनाही सोडून दिले. मुलगी आधीच बिघडलेली होती आणि तिची संमती होती, असे धरले. त्यावर नागपूरला हायकोर्टात अपील झाले. १९७६ साली हायकोर्टाने निकाल फिरवला. हायकोर्ट म्हणाले, की भीतीने अंग टाकून देणे म्हणजे संमती नव्हे. ठाण्यात रात्री, दाराला कडी, समोर वर्दीतला माणूस, मग पोर काय करणार? एकाला पाच वर्षे आणि दुसऱ्याला एक वर्ष अशी शिक्षा दिली. म्हणजे बघा, त्या मुलीला न्याय मिळाला तो अपिलातच मिळाला. अपील बंद असते तर खालच्या कोर्टाची ‘सुटका’ हाच शेवट होता.

पण मग दुसरे अपील झाले. ते दोघे दिल्लीला सुप्रीम कोर्टात गेले. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सुप्रीम कोर्टाने दोघांनाही सोडले. कारण काय दिले? अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची ना नव्हती.

हे ऐकताना माझे हात थंड पडले. आपल्यापैकी किती जणी भीतीने गप्प बसल्या नसतील? सासरी, बसमध्ये, कामाच्या जागी? गप्प बसणे हा होकार कधीपासून झाला?

पण गोष्ट तेथे संपली नाही. पुढल्या वर्षी, १९७९ च्या सप्टेंबरात, कायदा शिकविणाऱ्या चार प्राध्यापकांनी सुप्रीम कोर्टाच्या सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर ही त्यांची नावे. देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टाला, तुम्ही चुकलात, असे तोंडावर सांगणे साधे नव्हते. ते पत्र लोकांत पसरले. १९८० च्या महिलादिनी गावोगावच्या बायका रस्त्यावर आल्या. त्या खटल्याचा निकाल काही फिरला नाही, सुटलेले सुटलेच. पण १९८३ साली कायदा बदलला. पोलीस ठाण्यात, सरकारी इस्पितळात किंवा अशा कोणाच्या ताब्यात असताना अत्याचार झाला आणि संबंध झाल्याचे शाबीत झाले, तर बाई ‘माझी संमती नव्हती’ म्हणाली की कोर्टाने तसेच धरून चालायचे, असे त्यात लिहिले. अशा गुन्ह्यांना कमीत कमी शिक्षा किती, तेही ठरवले. त्या देसाईगंजच्या मुलीला त्यातले काही मिळाले नाही. तिच्यामागून येणाऱ्या लेकींना मिळाले. आणि पुढे १९९६ साली सुप्रीम कोर्टानेच सांगितले, की बाईची साक्ष विश्वासाची असेल तर तेवढ्यावरही शिक्षा देता येते, दुसरा पुरावा पाहिजेच असे नाही.

म्हणून मी माझे बोलणे मागे घेतले. अपील बंद व्हायला नको. पण त्यात एकच बाजू उभी राहता कामा नये.

दुसरी हकीकत जवळच्या काळातली आहे, तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी टीव्हीवर ऐकली असेल. हीसुद्धा नागपूरची. २०१६ च्या डिसेंबरात एका माणसाने बारा वर्षांच्या मुलीला पेरू देतो म्हणून घरात नेले आणि तिच्या अंगाशी झोंबला. आई शोधत आली म्हणून पुढचे टळले. खालच्या कोर्टाने २०२० साली पोक्सो कायद्याखाली, म्हणजे मुलांना अत्याचारापासून वाचवायचा जो २०१२ चा कायदा आहे त्याखाली, तीन वर्षांची शिक्षा दिली. त्याने अपील केले. १९ जानेवारी २०२१ रोजी नागपूर खंडपीठाच्या न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांनी म्हटले, की मुलीच्या अंगावर कपडे होते, कातडीला कातडी लागली नाही, म्हणून पोक्सोचा गुन्हा होत नाही. साधा विनयभंग धरून शिक्षा एका वर्षावर आणली.

माझी धाकटी जाऊ अशी बातमी कधी ऐकून घेत नाही, पण त्या दिवशी तीही म्हणाली, ‘म्हणजे हातात मोजा घालून हात लावला तर चालतंय व्हय?’ अगदी हाच दाखला पुढे सुप्रीम कोर्टात देशाच्या ॲटर्नी जनरलनी दिला! घरच्या बाईला जे लगेच कळते ते कधीकधी मोठमोठ्या कागदांत हरवते. असो. आठ दिवसांत सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली. ॲटर्नी जनरल, राष्ट्रीय महिला आयोग आणि महाराष्ट्र सरकार अपिलात गेले. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तिघा न्यायमूर्तींनी तो निकाल रद्द केला. त्यांतही एक बाई होत्या, न्यायमूर्ती बेला त्रिवेदी, आणि मुख्य निकालपत्र त्यांनीच लिहिले. हात लावण्यामागे हेतू काय होता हे पाहायचे, कपडा होता की नव्हता हे नव्हे, असे त्यात सांगितले. तीन वर्षांची शिक्षा परत आली. न्यायमूर्ती बाई आहे की पुरुष, एवढ्यावरून आपल्याला काय मिळेल हे सांगता येत नाही, एवढे मात्र मी त्यातून शिकले.

येथे एक फरक ध्यानात घ्या, कारण मला तो कळायला वेळ लागला. दोषी ठरवणे वेगळे आणि शिक्षा देणे वेगळे. अपील दोन्हींवर होते. कधी दोष तसाच राहतो आणि फक्त शिक्षा कमी होते. पुण्याचे उदाहरण घ्या. रात्रपाळीला निघालेल्या एका तरुण मुलीला कंपनीने लावलेल्या गाडीच्या ड्रायव्हरने आणि त्याच्या साथीदाराने आडबाजूला नेले, अत्याचार करून मारून टाकले. हे २००७ चे. पाळीच्या गाडीत रोज बसणाऱ्या आपल्या मुलींना हे सांगायलाच नको, त्यांच्या पोटात गोळा येईल. २०१२ साली सेशन कोर्टाने दोघांना फाशी दिली, हायकोर्टाने कायम केली, २०१५ साली सुप्रीम कोर्टानेही कायम केली. दयेचे अर्ज २०१६ ला राज्यपालांनी आणि २०१७ ला राष्ट्रपतींनी फेटाळले. तरी फाशीची तारीख ठरली ती थेट २०१९ च्या जूनमधली, आणि तोवर ते दोघे पुन्हा हायकोर्टात गेले. २९ जुलै २०१९ रोजी हायकोर्टाने सांगितले, की इतका विनाकारण उशीर झाला आहे, आता फाशी देता येणार नाही. पस्तीस वर्षांची कैद दिली. २०२४ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानेही तेच कायम ठेवले.

फाशी व्हावी की न व्हावी यावर आपल्या मंडळात दोन तट पडतील, मला ठाऊक आहे. माझे स्वतःचे मनही एका बाजूला ठरत नाही. पण हा बदल दया येऊन झाला नाही, नवा पुरावा मिळून झाला नाही. सरकारी टेबलांवर कागद पडून राहिले म्हणून झाला. रेशनकार्डावरचे नाव दुरुस्त व्हायला किती फेऱ्या लागतात, ते आपण जाणतोच. तसेच हेही. फक्त तेथे एका आईबापाची मुलगी गेलेली होती.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगते. हा भाग जरा रुक्ष आहे, पण घरी जाताना हाच घेऊन जा.

खालच्या कोर्टाने आरोपीला सोडून दिले, किंवा मोठा गुन्हा असताना हलका धरला, किंवा भरपाई कमी दिली, तर ज्या मुलीवर अत्याचार झाला तिला स्वतःला अपील करता येते. हा हक्क २००९ च्या शेवटापासून मिळाला. त्याआधी सगळे सरकारच्या मनावर होते. त्या सुटकेवर जायला आधी कोर्टाची वेगळी परवानगी काढावी लागत नाही, असेही २०१८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले. २०२४ च्या जुलैपासून फौजदारी कायद्यांची नावे आणि कलमांचे आकडे बदलले, पण हा हक्क तसाच आहे. मात्र ‘शिक्षा कमी दिली, वाढवा’ असे अपील आपल्याला करता येत नाही, ते सरकारच करू शकते. मग आपण सरकारी वकिलांकडे लेखी मागणी करायची. तोंडी सांगून घरी यायचे नाही. आणि हेही समजून असा, की सरकारने शिक्षा वाढवायला अपील केले, की आरोपीलाही त्यातच ‘मला मुळात सोडाच’ असे म्हणता येते. दोर दोन्ही बाजूंनी ओढला जातो.

ज्या गुन्ह्याला दहा वर्षे किंवा त्याहून मोठी शिक्षा कायद्यात ठरवलेली आहे, अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला जामिनावर सोडण्यापूर्वी सरकारी वकिलांना लेखी हरकत घेण्याची संधी द्यावी लागते. आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला खटल्याच्या प्रत्येक पायरीवर, अपिलातसुद्धा, आपले म्हणणे मांडता येते, असे सुप्रीम कोर्टाने २०२२ साली सांगितले आहे. पण म्हणणे मांडायला आधी तारीख कळली पाहिजे. तारीख कळायला पत्ता बरोबर पाहिजे. पुन्हा आलेच ते खोलीवर!

बलात्काराच्या शिक्षेवरचे अपील दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकालात काढायचे, असेही कायद्यात २०१८ पासून लिहिले आहे. हे मी त्या आईला वाचून दाखवले, तेव्हा ती हसली. कडू हसू होते ते. तिचे अपील अजून चालू आहे.

पैसे कोठून आणायचे, हा प्रश्न पहिला येतो. बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तिची कमाई किती हे त्यासाठी पाहत नाहीत. जिल्ह्याच्या कोर्टात विधी सेवा प्राधिकरण असते, तालुक्याला त्याची समिती असते. तेथे साधा अर्ज द्यायचा. १५१०० या नंबरला फोन केला तरी सांगतात. ज्या वकीलबाईंचे मी मघापासून नाव न घेता गुण गाते आहे, त्या आम्हाला तशाच मिळाल्या.

निकाल लागला की पेढे जरूर आणा, मी नको म्हणत नाही. पण त्याच आठवड्यात निकालाची शिक्क्याची नक्कल काढून घ्या. खटल्याचा नंबर वहीत लिहा. खोली बदलली तर नवा पत्ता आणि फोन पोलीस ठाण्यात आणि सरकारी वकिलांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. आणि साठ दिवस झाले की आपणहून विचारायला जा, अपील झाले का? कोणी घरी येऊन सांगेल म्हणून वाट पाहत बसू नका.

आमच्या त्या मुलीच्या बाबतीत पुढे काय झाले, ते सांगून थांबते. वकीलबाईंनी अर्ज केला, मुलीच्या वतीने त्या उभ्या राहिल्या. त्या माणसाने या भागात पाऊल ठेवायचे नाही, अशी अट जामिनाला घालून मिळाली. एवढे व्हायला चार वेळा मुंबई करावी लागली. रात्रीच्या रेल्वेने जायचे, सकाळी स्टेशनवर तोंड धुवायचे, दिवसभर हायकोर्टाच्या पायऱ्यांवर बसायचे. दोनदा नुसती पुढची तारीख घेऊन परत आलो. बापाचे खाडे झाले, आईची दोन घरची कामे सुटली. पाचव्या वेळी ती म्हणाली, ‘वैनी, जाऊ दे आता. त्यो सुटूदे न्हाईतर मरूदे.’ हरणे म्हणतात ते हेच, बायांनो. कोर्टात हरण्याच्या आधी माणूस तिकिटाच्या पैशापाशी हरतो.

पण १७ ऑगस्ट २०२५ ला आपल्या कोल्हापुरात हायकोर्टाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी ते आहे. त्यासाठी वकील मंडळी आणि आपले लोक किती वर्षे मोर्चे काढत होते! मी तेव्हा म्हणत असे, हे वकिलांचे भांडण, आपल्याला काय त्याचे? आता कळले काय ते. तिचे अपीलही आता कोल्हापूरला आले आहे. सीपीआर दवाखान्यासमोर जुने कोर्ट होते, तेथेच. आपल्या नाक्यावरून एस.टी.ने तासाभरात पोचता येते आणि संध्याकाळी दिवेलागणीला घरी. डबा घरचाच नेता येतो.

मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे. शिवणाचा वर्ग तिने पुरा केला. तारखेला ती येत नाही, आई जाते. मागच्या तारखेला आम्ही दोघीच होतो. समोर त्याच्या बाजूचे सात-आठ पुरुष उभे होते. कोणी काही बोलले नाही, नुसते उभे होते. पण ती आई माझा हात घट्ट धरून बसली होती, ते मला घरी आल्यावर बोटे दुखली तेव्हा कळले.

म्हणून एक मागणे आहे. पुढची तारीख कळली की मी मंडळाच्या फळ्यावर नुसते ‘कोल्हापूर’ आणि तारीख एवढेच लिहीन. कोणाकडे, कशासाठी, हे तेथे लिहिणार नाही आणि कोणी विचारायचे नाही. काही बोलायचे नाही, घोषणा द्यायच्या नाहीत, कोर्टात ते चालतही नाही. नुसते तिच्या शेजारी बसायचे. ज्यांना जमेल त्यांनी सकाळी नऊला नाक्यावर यावे. तिकीट ज्याचे त्याने काढायचे, भाकरी मी आणते.